चारशे तेराव्या ओळीतल्या नीलाबाई

नांदेड,
गुरुवार, जेवणाची सुट्टी

आदरणीय महामाया आत्यांना,
प्रीतमचा मनापासून जय भीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे घरचे बरे आहेत. कचेरीचं पुढं येईलच. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात मी डाव्याची चौकशी केली होती, तेव्हा 'डावा ठणठणीत आहे, तुझं लक्ष कुठं असतं?' असं लाल शाईनं लिहून तुम्ही माझंच पत्र मला परत पाठवलं होतंत (शुद्धलेखनाच्या नऊ चुका दुरुस्त करून), म्हणून या वेळी आधी उजव्याची. तुमच्या खानावळीतली साठ पोरं पोटभर जेवतात ना? डॉक्टर व्हायला लातूरला आलेली पोरं भाकरी मोडतानासुद्धा तिचे अवयव ओळखत बसतात, असं तुम्ही लिहिलं होतंत. तुमच्या जुन्या फ्रीजला आठवड्याला बर्फाचा डोंगर चढायचा, तो दोन महिन्यांपासून चढेनासा झाला हे वाचून फार आनंद झाला. मेकॅनिकच्या हाताला गुण आहे म्हणायचा. त्याला सोडू नका.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचारालच. फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला 'मुद्द्याचं बोल' म्हणता, आणि निवृत्त का होईना, मुख्याध्यापिकेनं मुद्दा विचारला की माझा मुद्दा आजही घशात अडकतो. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. शिवाय 'काम असलं की आत्या आठवते' हा तुमचा जुना आरोप आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो, हे पत्र केवळ ख्यालीखुशालीचं आहे. मला काही एक नको आहे.

तर ख्यालीखुशाली अशी, की आमची कचेरी बंद पडायला आली आहे.

आमची 'धान्यसेतू' कंपनी काय करते हे मी तुम्हाला चारदा सांगितलं आहे आणि चारही वेळा तुम्ही 'म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्ती' असं म्हणून विषय संपवला आहे. पाचव्यांदा सांगतो. धर्माबाद, भोकर, मुखेड अशा ठिकाणच्या मोंढ्यांत शेतकरी माल घेऊन आला की फाटकावर त्याची नोंद होते, काट्यावर वजन होतं, लिलाव होतो, पावती निघते, मोबाईलवर निरोप जातो. हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. हे सॉफ्टवेअर म्हणजे एक वस्तू नव्हे. त्याचे चारशे बारा भाग आहेत. एक भाग वजन वाचतो, दुसरा ते लिहून घेतो, तिसरा दुसऱ्यानं लिहिलं का ते बघतो, आणि चौथ्याचं काम काय हे ज्याला माहीत होतं तो हैदराबादला नोकरी लागून निघून गेला. मोठ्या एकत्र कुटुंबासारखाच कारभार आहे. कोण कुणावर अवलंबून आहे हे कुणी आजारी पडल्याशिवाय कळत नाही.

मागच्या हंगामात ऐन बाजाराच्या दिवशी मुखेडला सगळं दोन तास बसलं. तेव्हा पुण्याच्या मुख्य कचेरीतून हुकूम आला, की चारशे बारा भागांना सारखं जपणं परवडणार नाही. ज्यांच्यावाचून सगळंच खाली बसतं असे मोजके भाग शोधून काढा. त्यांची रोज तपासणी करू, त्यांना जोडीला राखीव मशीन देऊ, बाकीचे भाग पडले तर पडले. हुकूम शहाणपणाचा होता, हे मी आजही म्हणतो. आमचे देविदास सर (हे नांदेड कचेरीचे प्रमुख, स्वभावानं गाय, फक्त भूक लागली की शिंगं दिसतात) म्हणाले, "प्रीतम, तू करून टाक." इथून माझी साडेसाती सुरू झाली.

पहिली पद्धत मी सरळ माणसाची वापरली. ज्याचा भाग त्यालाच विचारलं, की बाबा, तुझा भाग किती महत्त्वाचा? आत्या, तुम्ही पस्तीस वर्षं पालकांना भेटलात, तुम्हाला पुढचं सांगायला नको. चारशे बारापैकी तीनशे नव्वद भाग 'अत्यंत महत्त्वाचे' निघाले. उरलेल्या बावीस भागांचे मालक त्या दिवशी रजेवर होते.

मग दुसरी पद्धत. मोठ्या कागदावर चारशे बारा चौकोन काढले आणि कोणता भाग कोणत्या भागाला हाक मारतो त्याचे बाण काढले. ज्याच्याकडं जास्त बाण येतात तो मोठा, असा हिशेब. कागद भिंतीला लावला तेव्हा देविदास सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे कुणाच्या शेताच्या वाटणीचं आहे?" असो. बाण मोजले, रोजच्या हाका मोजल्या, आणि पहिला नंबर कुणाचा आला सांगू? 'नमस्कार' नावाच्या भागाचा! शेतकऱ्याला जाणाऱ्या प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आधी नमस्कार हवा, असा जुन्या साहेबांचा आग्रह होता, त्यासाठी हा भाग लिहिला होता. दिवसाला नव्वद हजार वेळा तो नमस्कार करतो, दुसरं काही करत नाही. पण नियम म्हणजे नियम. पुण्यानं नमस्काराला दोन राखीव मशीन दिल्या, एक इथं आणि एक पुण्यात. आता अख्खा मराठवाडा ठप्प झाला तरी आमचा नमस्कार ठप्प होणार नाही.

हे काही खरं नव्हे हे मलाही कळत होतं. म्हणून तिसरी पद्धत काढली. एक एक भाग मुद्दाम थोडा वेळ बंद करायचा आणि कोण बोंब मारतो ते बघायचं. ही पद्धत फार प्रामाणिक आहे. ती माणसांवर वापरू नये. रोजचा अहवाल तयार करून पुण्याच्या मोठ्या साहेबांना पाठवणारा भाग बंद केला. एक दिवस गेला, आठवडा गेला, एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी मोठ्या साहेबांचाच फोन आला, की अहवाल उत्तम चालू आहेत, असेच पाठवत जा. मग 'तात्पुरतं दोन' नावाचा भाग बंद केला. हाच तो हैदराबादवाल्याचा. तो काय करतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि नावावरून तर तो केव्हाच जायला हवा होता. तो बंद केल्यावर चाळीस सेकंदांत धर्माबादचं फाटक, भोकरचा लिलाव आणि मुखेडचा काटा तिन्ही एकदम थांबले. घाईघाईनं परत सुरू केला आणि मी व देविदास सरांनी त्याला उभं राहून हात जोडले. त्याला नमस्कारानंतरचा दुसरा नंबर दिला आणि ठरवलं, की यापुढं त्याच्या आत कुणी बोट घालायचं नाही.

अशी सतरा भागांची यादी तयार झाली. इथं थांबलो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण पुण्याहून शेरा आला, की व्यवस्था म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे, माणसंही तिचे भागच आहेत, त्यांनाही यादीत घ्या. मी घेतली. आम्हा अकरा जणांची नावं आपापल्या भागांपुढं बसली, आणि कुठलाच भाग नसलेल्या नीलाबाईंचं नाव शेवटच्या, नव्या चारशे तेराव्या ओळीत आलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कचेरी झाडणं, पुसणं, पाणी भरणं. त्यांच्याकडं येणारे बाण शून्य, त्यांच्याकडून जाणारे बाण शून्य. माझ्या सूत्रानं पुढच्या रकान्यात आपोआप लिहिलं: अनावश्यक.

मी ते खोडायला हवं होतं. खोडलं नाही. कागदावर नीटनेटकं दिसत होतं, म्हणून राहू दिलं. पंधरा दिवसांत साफसफाई एका एजन्सीला गेली आणि सहा वर्षं काम केलेल्या नीलाबाईंना आम्ही एक शाल दिली. जाताना त्या मला म्हणाल्या, "प्रीतमभाऊ, माजं काय चुकलं का?" मी म्हणालो, "नाही हो, पुण्याचा निर्णय आहे." आत्या, एवढं खोटं मी शाळेतसुद्धा बोललो नव्हतो. रात्रभर टोचत राहिलं, म्हणून दुसऱ्याच दिवशी तुम्हाला पत्र लिहून त्यांची शिफारस केली आणि तुम्ही लगेच त्यांना खानावळीत कामाला घेतलंत. पोरं त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीवर खूश आहेत असं तुम्ही कळवलंत तेव्हा मला वाटलं, सुटलो. (सुटलो नव्हतो.)

नीलाबाई गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी आमची मोठी मशीन धापा टाकू लागली. ही कोपऱ्यातली सगळ्यात जुनी मशीन. तिच्यावरच 'तात्पुरतं दोन' राहतो. पाचव्या दिवशी ती गपकन बसली, तीही मुखेडच्या बाजाराला. काट्यावरच्या सुदामचा फोन आला. "सायेब, सकाळधरनं बटन दाबून राहिलो, काटा हालंना का पावती निघंना. गाड्यायची लाईन पार यष्टी स्टँडापत्तूर गेली. लोकं मला धरून राहिले. म्या काय आता माल हातावर तोलू का?" कशीबशी मशीन उठवली. पाच दिवसांनी पुन्हा तेच. त्यानंतर पुन्हा. पुण्याहून दोन तज्ज्ञ आले, त्यांनी आणखी सहा भाग बसवले, आणि मशीन चार दिवसांतच बसायला लागली.

मशीन स्वतःजवळ एक दैनंदिनी ठेवते. ती मी उघडली, तर रोज सकाळी आठच्या सुमाराला एकच नोंद: 'वीज गेली'. मी लगेच पुण्याला कळवलं, की या मशीनचं सॉकेट अतिशय नाजूक जागा आहे, तिथं कुणाचा हात लागता कामा नये. पुणेकर कामाला पक्के. आठवड्यात त्या सॉकेटवर लोखंडी पिंजरा बसला, पिंजऱ्याला कुलूप लागलं आणि किल्ली पुण्याला गेली.

पिंजरा बसल्यावर मी ती दैनंदिनी पुन्हा, या वेळी चष्मा लावून वाचली. सहा वर्षं रोज सकाळी आठला वीज गेली होती आणि सव्वाआठला आली होती. रविवारी मात्र कधीच गेली नव्हती. आणि नीलाबाई कचेरीतून गेल्यापासून एकदाही गेली नव्हती! दरवर्षी दिवाळीला त्या आठ दिवस मुखेडला भावाकडं जायच्या. ते आठही दिवस वीज गेलेली नाही, आणि दरवर्षी त्याच आठवड्यात मशीन बसलेली आहे. आम्ही मात्र सहा वर्षं 'दिवाळीत मालाची आवक फार' म्हणून तिला माफ करत आलो. बरं, मशीनला बॅटरीचा आधार असताना, गावची वीज गेली तरी तिची जाईलच कशी, हे दहावीच्या पोरानं विचारलं असतं. पण आत्या, नांदेडमध्ये 'वीज गेली' असं लिहिलेलं दिसलं तर कोण माणूस पुढं चौकशी करतो?

उलगडा असा, की नीलाबाई रोज आल्या आल्या त्या मशीनचा प्लग काढायच्या आणि पंधरा मिनिटांनी परत लावायच्या. तुमच्या भाषेत सांगतो. 'तात्पुरतं दोन' दर सौद्याला नवी वाटी घेतो आणि खरकटी तशीच ठेवून देतो. चार-पाच दिवसांत घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. प्लग काढून लावला की सगळ्या वाट्या घासून पुन्हा मांडणीवर. म्हणजे सहा वर्षं तीन मोंढे चालले ते माझ्या सतरा भागांवर नाही, पुण्याच्या राखीव मशीनवर नाही, नमस्कारावर तर नाहीच; ते चालले चारशे तेराव्या ओळीवर.

तुम्ही म्हणाल, मग तुम्हीच का नाही बंद करून सुरू करत? चाचणीच्या वेळी आम्ही फक्त त्याच्याकडं जाणाऱ्या हाका अडवल्या होत्या; या वेळी मशीनच कळफलकावरून बंद करून पाहिली. 'तात्पुरतं दोन' म्हणतो, काम चालू आहे, थांबा. आणि तीन तास थांबवतो. बॅटरी संपून मशीन बसावी म्हणून इमारतीचं मेन बटण पाडून ठेवलं, तर त्याच बटणावर खालचा आइस्क्रीमचा ठोक व्यापारी निघाला. तो वितळलेला माल घागरीत घेऊन वर आला आणि देविदास सरांच्या टेबलावर ठेवून गेला. मग मी मशीनला रोज आपोआप बंद करून पुन्हा सुरू करणारा आणखी एक भाग लिहिला. तो त्याच मशीनवर राहत असल्यामुळं तिच्यासोबत तोही बंद झाला. जो उठवणार होता तोच झोपला. पिंजऱ्याची किल्ली मागितली, तर पुणे म्हणतं, अत्यंत नाजूक जागेला हात लावायचं कारण लेखी कळवा. कळवलं, तर म्हणतं, झाडणाऱ्या बाईमुळं व्यवस्था चालत होती हे आम्ही कागदावर कसं घ्यायचं?

आता सोमवारी सकाळी साडेसातला पुण्याची समिती येते आहे. त्यांना समाधानकारक खुलासा मिळाला नाही तर नांदेडचं काम पुण्याला हलणार आणि आम्हा अकरा जणांना एकेक शाल मिळणार. कचेरीत सगळे एकमेकांवर खेकसत असतात. दोन महिन्यांपासून जेवणालाही चव नाही. डबा उघडतो आणि कोरडी भाकरी नुसती गिळतो. हे सगळं काळजीनं होत असावं.

असो. माझं हे चालायचंच. पोरांना माझा आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
प्रीतम

ता. क. पत्र वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. रविवारच्या दुपारच्या एसटीनं नीलाबाईंना नांदेडला पाठवता का? सोमवारी सकाळी समितीसमोर त्यांनी फक्त एकदा, रोज करायच्या तसं करून दाखवायचं आहे. मी सात वेळा फोन केला. एकदाच उचलला आणि म्हणाल्या, "तुमच्या यादीत मी न्हाई म्हनं. मंग मला काहून फोन लावून राहिले?" आणि ठेवून दिला. त्यांचं बरोबर आहे. मला लाज वाटते, आणि तुमच्यापाशी ती कबूल करायला एवढी सात पानं लागली. तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. (हो, काम असलं की आत्या आठवते. लाल शाईनं लिहून पाठवा.) हे पत्र लातूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे, म्हणजे संध्याकाळी पोचेल.

ता. क. दुसरा. देविदास सरांनी ही पानं वाचली. त्यांना रडू आलं. कशामुळं ते सांगेनात, पण शेंगदाण्याची चटणी जिथं लिहिली आहे त्या ओळीवर बोट होतं. पुण्याची नवी अट अशी, की प्रत्येक महत्त्वाच्या भागाला जोडीला एक राखीव हवा, तेव्हा नीलाबाईंना बहीण आहे का तेवढं विचारून ठेवा.

ता. क. तिसरा. कंडक्टर चहाला गेला आहे तेवढ्यात लिहितो. सरांच्या फोनवरून लावला तर नीलाबाईंनी उचलला. मी आधी म्हणालो, की बाई, तुमचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती. यादी मी केली होती, पुण्यानं नव्हे. मग विचारलं, की मशीनचा प्लग रोज काढायचा हे तुम्हाला कुणी शिकवलं? तर म्हणाल्या, "शिकवतंय कोन? मिक्सर लावायला काडत हुते. घरी लाईट कमी, मिक्सर चालत न्हाई, मंग पिसवीत घालून आनायची. तुमच्या हापिसातली बाकीची समदी भोकं ढिली, ठिनग्या मारत्यात. तेवडं एकच घट्ट हाय. अकरा जनाची चटनी वाटायला पाव घंटा लागतोच की."

आत्या, टेबलावर रोज एक स्टीलचा डबा असायचा. सहा वर्षं आम्ही अकरा जण त्यातली चटणी खात होतो, आणि चारशे बारा भागांचे बाण काढणाऱ्या मला ती कुठून येते हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

त्या यायला तयार आहेत. दोनच अटी घातल्या आहेत. त्यांचं नाव यादीत पहिल्या ओळीत मी माझ्या हातानं लिहायचं, ते मी आत्ताच लिहिलं (नमस्कार दुसऱ्यावर गेला, त्याची काही तक्रार नाही). आणि पिंजरा काढून ठेवायचा; त्यासाठी देविदास सर लोहाराला आणायला गेले आहेत.

ता. क. शेवटचा, गाडी हलते आहे. फोन ठेवताना मी सहज विचारलं, की लातूरला आत्यांच्या स्वयंपाकघरात तरी सॉकेट घट्ट आहेत ना? म्हणाल्या, "न्हाई वो. तितंबी एकच घट्ट हाय, फ्रीजचं. साठ पोरायची चटनी, रोज दीड घंटा काडून ठिवते." तेव्हा मेकॅनिकला खुशाल सोडा, आणि नीलाबाईंना मात्र मंगळवारी परत बोलावून घ्या.